शेडवरचं ऊन

त्या दिवशी दिवा सात वाजून सोळा मिनिटांनी विझला आणि आईच्या ताटात पाऊण भाकरी राहिली. रुपालीने दोन्ही आकडे मनात टिपून ठेवले. ती श्रीरामपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. नोंद ठेवणं हा तिचा पेशा होता, आणि दुसरं काही करण्यासारखं उरलं नाही की माणूस पेशाचा आधार घेतो.

दिवा परसातल्या शेडमधला. शेड अण्णांची, म्हणजे तिच्या वडिलांची. बेलापूरच्या बाजारातल्या निम्म्या दुकानांचे वजनकाटे तिथे दुरुस्त झालेले. शेडला अण्णांनी घरची वीज घेतली नव्हती. फार पूर्वी शेडमध्ये गेलेली एक तार पाहून कुणा साहेबाने घराचं मीटरच व्यावसायिक करून टाकलं होतं, आणि ते पुन्हा घरगुती करून घ्यायला अण्णांना अकरा महिने लागले होते. बाराव्या महिन्यात अण्णांनी ती तार स्वतःच्या हाताने कापली, शेडच्या छपराच्या मागच्या, ठेंगण्या उतारावर एक लहानसं सोलर पॅनेल बसवलं, खाली बॅटरी ठेवली आणि वीज कार्यालयाशी असलेला संबंध मनातून संपवला.

अंधार पडला की दिवा आपोआप लागायचा आणि साडेआठला आपोआप विझायचा. विझायची सोय आईमुळे करावी लागली होती. काट्यात डोकं घातलेल्या अण्णांना हाका ऐकू जात नसत. "एवढा उशीर करत्यात का माणसं?" हे आईचं वाक्य रोज ऐकून त्यांनी शेवटी टायमर बसवला. आईला साखर, डॉक्टरांनी तिला सातला जेवायला सांगितलेलं. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी, शेडकडे तोंड करून सावकाश जेवायची. साडेआठला दिवा गेला की उठायची, तवा ठेवायची आणि अण्णांची भाकरी गरम करायची. असं चौदा वर्षं चाललं होतं.

अण्णा श्रावणात गेले. दिव्याला हे कुणी सांगितलं नाही. तो लागत राहिला, विझत राहिला. आई त्याच्या उजेडात जेवत राहिली आणि तो विझला की उठत राहिली. गॅसपाशी मिनिटभर उभी राहायची, मग भांडी घ्यायची. इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती.

पण दिवाळीनंतर दिवा आठला विझू लागला. मग पावणेआठला. माघात तो आईच्या जेवणाच्या मधोमध जाऊ लागला. दिवा गेला की आई उठे, आणि एकदा उठली की परत बसत नसे. रुपालीने तिला शेडमधल्या मोठ्या काट्यावर उभं केलं. दिवाळीत एक्कावन्न किलो होती, आता सेहेचाळीस. हा काटा अण्णांनी स्वतः जुळवलेला. तो चुकला असेल असं म्हणायची सोय नव्हती.

"आई, घरातून एक वायर ओढूया का?" तिने विचारून पाहिलं.

"त्यांनी कापलेली तार तू जोडनार?" आई म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

शेजारी गहिनीनाथ काका. त्यांच्या मळ्यात सोलरचा पंप बसल्यापासून सूर्य या विषयात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई, निदान त्यांच्याकडून. ते शेडमध्ये आले, अण्णांच्या स्टुलावर बसले (रुपालीने फक्त दुसरीकडे पाहिलं) आणि बॅटरीवर बोटांनी टकटक केली.

"तहानलीय ही. डिस्टिल वॉटर पाज."

पाणी पाजलं. दिवा दुसऱ्या दिवशी सात चौदाला गेला.

"मंग आता पॅनेलच मोठं कर. माझ्याकडं आठ हायेत."

"काका, तुमचा पाच हॉर्सपॉवरचा पंप आहे. इथे एक दिवा आहे."

"म्हनून काय दिव्यानं मोठं व्हायचंच न्हाई?"

रुपालीने कॉलेजच्या ग्रंथालयातून सौरऊर्जेवरची तीन पुस्तकं स्वतःच्या नावावर घेतली. परतीची तारीख उलटली तेव्हा स्वतःला स्मरणपत्र पाठवावं का, या विचारात तिची एक दुपार गेली. पुस्तकांतून एवढं कळलं की बॅटरीचं वय झालं आहे, पॅनेल अपुरं आहे, आणि लेखक ज्या देशात राहतात तिथे शेजारी नसावेत.

काका म्हणाले, सरकारी अनुदान असतं, ते कशाला सोडायचं? म्हणून ती एका कार्यालयात गेली. कोणत्या ते सांगून उपयोग नाही, आतून सगळी सारखीच असतात. खिडकीमागच्या बाईंनी अर्ज उलटून पाहिला.

"मीटर कोंडीराम यांच्या नावावर आहे. त्यांनाच यावं लागेल."

"ते माझे वडील. वारले."

"मग आधी नाव बदला. त्यासाठी जुन्या ग्राहकाची सही लागते."

"ते वारले आहेत," रुपाली पुन्हा म्हणाली. सात महिन्यांत हे वाक्य तिने बँकेत, गॅस एजन्सीत आणि पोस्टात इतक्यांदा म्हटलं होतं की त्यातला अण्णांचा चेहरा पुसट होत चालला होता.

"हो, पण रकाना रिकामा सोडता येत नाही. 'मयत' लिहा आणि पुढे तारीख टाका." मग बाईंनी मृत्यूचा दाखला आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवले. "जिल्हा जुळत नाही. इथे अहमदनगर, इथे अहिल्यानगर."

"जिल्हा एकच आहे."

"ते मला माहीत आहे हो, मी इथेच राहते. सिस्टिमला माहीत नाही."

म्हणजे अण्णा एका जिल्ह्यात जगले आणि दुसऱ्या जिल्ह्यात वारले, आणि हा सगळा प्रवास त्यांनी कॉटवरून न उठता केला. हा विनोद अण्णांना आवडला असता. तो सांगायला घरी जावं असं तिला क्षणभर वाटलं, आणि मग ती खिडकीला धरून थोडा वेळ उभी राहिली.

"बरं, सोलर कशाला हवंय?" बाईंचा आवाज जरा मऊ झाला.

"परसातल्या शेडला. वेगळं. तुमच्या लाईनला जोडायचंच नाही."

"जोडायचं नाही? मग अहो, तुम्ही इकडे आलात कशाला?"

तीन चकरा, नऊ झेरॉक्स आणि एक शपथपत्र झाल्यावर रुपालीने अनुदानाचा नाद सोडला आणि श्रीरामपूरच्या कल्याण नावाच्या माणसाला बोलावलं.

कल्याण सोलर बसवणारा. चाळिशीचा, कमी बोलणारा, पायऱ्यांवर चपला काढून आत येणारा माणूस. त्याने दोन मोठी पॅनेलं आणली, नवी बॅटरी आणि इन्व्हर्टर आणला. जुनी बॅटरी उचलली तेव्हा तिच्या बाजूवर अण्णांच्या अक्षरात पाणी घातल्याच्या तारखा निघाल्या. शेवटची तारीख आषाढातली होती. कल्याणने बॅटरी जमिनीवर ठेवली, पण अक्षरांची बाजू भिंतीकडे केली नाही. रुपालीचं त्याच्याबद्दल तेवढ्यावरून बरं मत झालं.

"जागा कुठं?" त्याने विचारलं.

"दहा फूट वर घे. लोखंडी ष्टँडवर," काका म्हणाले. "माझी तशीच हायेत."

"इथेच घ्या, जुन्या पॅनेलच्या शेजारी," रुपाली म्हणाली. अण्णांनी जिथे हात लावला त्याच्या शेजारीच काय ते व्हावं, असं तिला वाटत होतं. पण कारण म्हणून तिने वाऱ्याचा दाब सांगितला आणि पुस्तकातलं पान क्रमांकासह उद्धृत केलं. काका दुखावले. दोन दिवस ते कुंपणापलीकडून फक्त खोकले.

उतार तसा खांद्याएवढ्या उंचीचा. जुन्या पॅनेलच्या डावीउजवीकडे नवी बसली. तिन्ही एकाला एक जोडली. दूध घालायला येणाऱ्या दगडाबाईंनी एवढी मोठी लक्ष्मी घरात आली म्हणून प्रत्येकावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि मधल्या पॅनेलला झेंडूचा हार घातला. त्या संध्याकाळी दिवा साडेआठपर्यंत ढणाढणा जळला. आईने पूर्ण भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी भाकरी आणि वर दही-भात. रुपालीने रात्री पांघरुणात तोंड घालून तीन पुस्तकांच्या तिन्ही लेखकांचे आभार मानले.

चौथ्या दिवशी दिवा आठला गेला. सहाव्या दिवशी पावणेआठला. नवव्या दिवशी सात वाजून पाच मिनिटांनी. शिवाय जुनी बॅटरी निदान निमूटपणे संपायची. नवा इन्व्हर्टर संपण्याआधी पाच मिनिटं कर्कश ओरडायचा.

आई घास हातात धरून ऐकत राहिली. "त्यांनी कदी एवढा आवाज केला न्हाई गं," ती म्हणाली आणि ताटावरून उठली.

त्यानंतरचे पंधरा दिवस नुसते निदानाचे होते. कल्याणने फोनवरच सांगितलं, कुंकू पुसा, हार काढा, काचेवर काही नको. रुपालीने पुसलं. तेल असल्याने ते पसरलं आणि पॅनेलं गुलाबी झाली. दगडाबाईंनी पाहिलं आणि दुधाची किटली तिथेच ठेवली.

"लक्ष्मीचं कपाळ पुसलं व्हय? ज्या घरात आधीच..." उरलेलं वाक्य त्यांनी गावात पूर्ण केलं असावं, कारण नंतर दोघीतिघींनी रुपालीकडे तसं पाहिलं.

मग काकांचा अबोला सुटला. त्यांनी दोष पेरूला दिला. "सावली धरतंय हे." पेरू अण्णांनी लावलेला. रुपालीने अण्णांच्याच करवतीने दक्षिणेकडची मोठी फांदी कापली. करवत अर्ध्यात अडकली, शिडी घसरली, आणि ती फांदीसकट काकांच्या मेथीच्या वाफ्यात पडली. काकांनी आधी मेथीची चौकशी केली. संध्याकाळी आईने फांदीवरचे कच्चे पेरू पाटीत गोळा केले आणि एकेक पुसून ठेवला. दिवा सात तीनला गेला. काटा आता साडेचव्वेचाळीस दाखवत होता.

कॉलेजात प्राचार्यांनी तिला ग्रंथालयाच्या काउंटरवर हिरवी पानं चिकटलेल्या केसांनी पाहिलं आणि रजा हवी का विचारलं. रजा नको होती. तासाभराची वीज हवी होती.

शेवटी कल्याण पुन्हा आला. चार्ज कंट्रोलरला मोबाईल जोडून त्याने मागचा सगळा हिशोब स्क्रीनवर काढला.

"मॅडम, हे बघा. सकाळी सूर्य उगवतो, रेष वर जाते. साडेनऊला धाडकन खाली. चारपर्यंत खालीच. चारला परत वर, पण तोवर ऊन उतरलेलं."

"ढग?"

"ढग रोज साडेनऊला येत न्हाईत. आणि हे बघा, रविवारी येतच न्हाईत. चारही रविवारी रेष एकदम मस्त. गुरुवारी एकदा मस्त हाय."

"त्या गुरुवारी महाशिवरात्रीची सुट्टी होती," रुपाली म्हणाली.

"म्हंजे तुमची सुट्टी असते त्याच दिवशी सूर्याची ड्युटी असते." कल्याण हसला. मग तिच्याकडे पाहून हसायचा थांबला.

काकांनी लगेच तर्क केला की कुणीतरी चोरटा आकडा टाकून वीज पळवतंय. आपण पाळत ठेवू म्हणाले. रुपालीने त्यांना मळ्यात पाणी सोडायची आठवण करून दिली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी नवाच्या बसने निघाली. उक्कलगावच्या वाटेला उतरली, स्वतःला मूर्ख म्हणाली, आणि चालत परत आली. पुढच्या दाराने नाही, मागच्या पांदीच्या वाटेने. कापलेल्या पेरूच्या आडोशाला उभी राहिली तेव्हा साडेनऊला दोन मिनिटं कमी होती.

आई शेडमागे आली. हातात बादली. आधी तिने आजूबाजूला पाहिलं, आणि मग बादलीतून अण्णांचा पंचा काढला.

रुपालीने तो लगेच ओळखला. तो घरात असायला नको होता. तेराव्याला बनाआत्याने, अण्णांच्या बहिणीने, अण्णांचे सगळे कपडे गाठोड्यात बांधून देऊन टाकायला लावले होते. "वहिनी, एक बी चिंधी मागं ठेवायची न्हाई, त्यांचा जीव अडकतो." आईने मान डोलावली होती. सगळ्यांसमोर गाठोडं उचलून दिलं होतं.

आईने पंचा झटकला आणि जुन्या पॅनेलवर अंथरला. तळहाताने सुरकुत्या काढल्या. मग बादलीतून अण्णांची गोधडी निघाली. एकदा धुतली की जी वाळायला दोन दिवस लागतील अशी जाड गोधडी. आधी एवढी जागाच नव्हती, म्हणून गेले काही महिने नुसता पंचा. आता डावीउजवीकडे दोन मोठी, काळी, तव्यासारखी तापणारी पॅनेलं आली होती, आणि लेकीने ती नेमकी खांद्याच्या उंचीवर बसवून घेतली होती. वाऱ्याचा दाब लक्षात घेऊन.

गोधडी पंच्यावरून दोन्ही नव्या पॅनेलांवर पुरली. चारही टोकांवर आईने अण्णांची लोखंडी वजनं ठेवली. दोन किलोचं, एकाचं, आणि दोन पाचशे ग्रॅमची. मग शेडच्या सावलीत भिंतीला टेकून बसली आणि हात मांडीवर ठेवले. तिला कशाची घाई दिसत नव्हती.

ज्या उजेडात ती जेवत होती त्याच्यावर ती रोज सहा तास पांघरूण घालत होती. तिला ते माहीत नव्हतं. रुपालीने एक पाऊल पुढे टाकलं आणि तिच्या लक्षात आलं की सांगायचं तर आधी पंचा पाहिला हे सांगावं लागेल. ती तशीच मागे फिरली. पांदीत तिचा पाय शेणात गेला. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी योग्य घडलं असं तिला वाटलं, कारण त्या निमित्ताने बसून घेता आलं आणि चप्पल घासता घासता रडता आलं.

संध्याकाळी तिने कल्याणला फोन केला. "नवी दोन्ही पॅनेलं वर घ्या. दहा फूट. लोखंडी स्टँडवर."

गहिनीनाथ काकांना ही बातमी कळायला किती वेळ लागला असेल? ते स्टँडच्या आधी पोचले होते.

"म्या पयल्या दिवशी काय सांगितलं हुतं? पर न्हाई, पुस्तकात लिवलंय! आता पुस्तकाला विचार, माझी मेथी कुनी मोडली."

"चुकलंच काका," रुपाली म्हणाली. आयुष्यात प्रथमच तिला एवढं सहज हरता आलं. काकांना ते इतकं अनपेक्षित होतं की त्यांनी अर्धा तास शिडी धरली.

नवी पॅनेलं वर गेली. कल्याण खाली उतरून जुन्यापाशी आला. "हे काढून टाकतो. याची तार आता कशालाच न्हाई."

"राहू द्या."

"अहो मॅडम, कनेक्शनच न्हाई याला. नुसतं शोभेला?"

"शिकलेल्या मान्सांचं काय कळत न्हाई बाबा," काकांनी वरच्या सुरात सांगितलं आणि स्वतःच्या विजयाची बातमी द्यायला रस्त्याकडे गेले.

कल्याणने जुन्या काचेवर हात फिरवला. कोपऱ्यांत वजनांच्या बुडाचे गोल तांबेरलेले डाग होते. तो काही वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला, मग खिडकीतून दिसणाऱ्या आईकडे. पिशवीतून कानस काढली आणि पॅनेलच्या पट्टीचा एक टोकदार कोपरा घासून गुळगुळीत केला. "हाताला लागलं असतं," म्हणाला. मग विषय बदलावा तसं, "आता लाईट रातभर चालंल. तो जुना टायमर काढू का?"

"नको. साडेआठलाच जाऊ द्या."

त्या संध्याकाळी पावणेसातला दिवा लागला. सातला आईने दोघींची ताटं घेतली.

"मला आत्ता भूक नाही," रुपाली म्हणाली. "तू बस. मी नंतर जेवते."

आई खिडकीशी बसली. भाकरी, मेथी (मोडलेली सगळी मेथी काकांनी सूडबुद्धीने यांच्याच घरी पाठवली होती), वरण. सव्वासात झाले. साडेसात. इन्व्हर्टर ओरडला नाही. आईने दुसरी अर्धी भाकरी घेतली आणि दिव्याकडे पाहत सावकाश खाल्ली. रुपाली पुस्तक उघडून बसली होती आणि गेला तासभर एकाच पानावर होती. तिला सपाटून भूक लागली होती.

साडेआठला दिवा गेला.

आई उठली. ताट मोरीत ठेवलं, गॅसपाशी गेली आणि रोजच्यासारखी उभी राहिली. हात तव्याच्या कडेवर होता. रुपालीने पुस्तक मिटलं.

"आई," ती म्हणाली, "मला वाढतेस?"

आई वळली नाही. थोड्या वेळाने तिने गॅस पेटवला आणि तवा ठेवला.

"एवढा उशीर करत्यात का माणसं?" ती तव्याकडे बघत म्हणाली. "जा, हात धुवून ये."

रुपाली मोरीवर हात धुऊन आली. भाकरी तव्यावर टम्म फुगली होती. आईने मागे हात नेऊन, फडताळातल्या डब्यांच्या आडून काहीतरी काढलं आणि तिच्याकडे न पाहता पुढे केलं.

हात पुसायला पंचा होता. उन्हात कडक वाळलेला.